मामाच्या शेतातलं जस्त

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत मी केमिस्ट म्हणून लागले तेव्हा गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता. आता इथे काहीतरी मोठं होणार, असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. मला मोठं काही नको होतं, नोकरी हवी होती. ती लोखंडाला जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात मिळाली आणि मी लगेच हो म्हटलं. आमच्या पेडण्याच्या घरून रोज ये-जा करायची तर आधी म्हापसा गाठायचं, तिथे बस बदलायची, मग डिचोली. दिवस त्यातच जायचा. म्हणून आईने मला मामाकडे ठेवलं. मामाचं घर कारखान्याच्या टेकडीखालच्या गावात होतं. परसदारी उभं राहिलं की समोर भाताचे कुणगे, म्हणजे खाचरं, त्यांच्या कडेने वाहणारा व्हाळ, आणि वर चढावर आमच्या कारखान्याचं धुराडं.

मला ते काम पहिल्या आठवड्यापासून आवडलं. एका बाजूने विजेचे खांब, पाण्याचे पाइप, खाणींवरच्या यंत्रांच्या चौकटी, असं गंजकं लोखंड आत यायचं. ते आधी आम्लात बुडवायचं, म्हणजे गंज सुटतो. मग पाण्यात धुवायचं, मग नवसागराच्या द्रावणातून काढायचं आणि शेवटी वितळलेल्या जस्ताच्या हौदात सोडायचं. हौद साडेचारशे अंशांवर तापलेला असायचा, पण निखाऱ्यासारखा लाल मुळीच दिसायचा नाही. वर राखेची करडी साय धरलेली असायची. मिस्त्री लांब दांड्याच्या फावड्याने ती बाजूला सारायचा आणि खालून लख्ख आरसा निघायचा. छपराचे वासे त्यात दिसायचे. लोखंड त्यातून वर आलं की ओलं चांदीसारखं चमकायचं आणि थंड होता होता त्यावर फुलं उमटायची, काचेवर दव गोठावं तशी. जस्ती बादलीवर आपण जी बघतो ती.

हौदावरचे बरेचसे लोक कोल्हापूर-बेळगावकडचे होते. मिस्त्री कोल्हापूरच्या बाजूचा. तो मला म्हणाला होता, "ताई, लोखंड ओलं गेलं की जस्त खवळतंय बघा. उडतंय अंगावर. तुमी त्या खांबाच्या पल्याड उभं ऱ्हावा." मी त्याला म्हटलं, पाण्याची एकदम वाफ होते आणि तिला बाहेर पडायला जागा लागते, म्हणून उडतं. तो म्हणाला, "तेच की." आमचं चांगलं जमलं.

प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक मोरी आणि एक लांब टेबल. आम्लाची ताकद मोजणं, मुलाम्याची जाडी बघणं आणि धुतलेलं आम्लपाणी खड्ड्यात चुनखडीने मारून मगच बाहेर सोडलं जातंय ना हे पाहणं, ही माझी कामं. टेबलावर मी मिठाच्या पाण्याच्या दोन बरण्या ठेवल्या होत्या. एकीत साधी लोखंडी पट्टी, दुसरीत जस्त चढवलेली, पण मुद्दाम खिळ्याने खोल ओरखडा काढलेली. साधी पट्टी दुसऱ्या दिवशी तांबडी झाली. दुसरीच्या ओरखड्यात लोखंड उघडं दिसत होतं, तरी आठवडे गेले आणि तिथे गंज आला नाही. भोवतालचं जस्त मात्र हळूहळू पांढरं पडत झिजत गेलं. लोखंडापेक्षा जस्त जास्त चटकन विरतं, त्यामुळे दोन्ही चिकटून असली की आधी जस्त जातं आणि तोवर लोखंड वाचतं. नुसता रंग ओरखडला तर गंज आत पसरत जातो, इथे तसं होत नाही. कारखान्याचे मालक शेठ गिऱ्हाइकांना आत आणून त्या बरण्या दाखवायचे आणि सांगायचे, "विचारा, आमच्या केमिस्टबाईंना विचारा." मी न अडखळता सांगायचे.

संध्याकाळी मामाकडे वेगळंच जग. घरात बोलणं कोंकणी, मामाचं वाचणं मराठी. पडवीत बसून तो वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा आणि मधेच थांबून त्यावर स्वतःचं मत द्यायचा. मामी चुलीपाशी बसल्या बसल्या ते ऐकायची आणि पटलं नाही तर भांडं जरा जोरात ठेवायची. मामाचं सगळं मन शेतात. पावसाळी पीक सगळेच काढतात, पण आमच्या मामाचा जीव वायंगणावर, म्हणजे पावसाळ्यानंतर झऱ्याच्या पाण्यावर घेतल्या जाणाऱ्या भातावर. टेकडीतून येणारा झरा त्याच्या कुणग्यांतून फिरायचा आणि मग खालच्या व्हाळाला मिळायचा. नवं जास्त पिकणारं बी त्याने गावात सगळ्यांच्या आधी आणलं होतं. शेतकी खात्याचा माणूस येऊन म्हणाला, इथली माती आंबट आहे, चुना घाला. मामाने शिंपल्यांचा चुना सांगितल्यापेक्षा अंमळ जास्तच घातला. सुपर फॉस्फेटही तसंच. थोडं चांगलं असेल तर पुष्कळ आणखी चांगलं, हा त्याचा हिशेब. पहिल्या वर्षी पीक असं आलं की लोक मेरेवर, शेताच्या बांधावर, उभे राहून बघून गेले. मग त्याचं बघून वरच्या अंगाच्या बाकीच्यांनीही चुना घातला.

मी राहायला आले त्या हिवाळ्यात मामीने आणि शेजारच्या बायकांनी लावणी उरकली. रोपं धरली, हिरवी झाली आणि मग थांबली. वाढेचनात. थोड्या दिवसांनी खालच्या पानांवर तांबूस ठिपके आले. ठिपके एकमेकांत मिसळले आणि आख्खं पान गंजल्यासारखं दिसू लागलं. मामाने आधी औषध मारलं. काही फरक पडला नाही. मग शेजाऱ्याच्या कुणग्यात तेच, त्याच्या शेजाऱ्याकडेही तेच.

एका रात्री जेवताना मामाने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमी थंय वयर लोखंडाचो गंज काडटात मगो?"

"काढतो."

"मागीर तो गंज खंय वता?"

मी त्याला खड्ड्याचं सांगितलं, चुनखडीचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग हात धुता धुता म्हणाला, "आमच्या शेतांत येता तो. पानां पळय. लोखंडाचोच रंग."

मला राग आला नाही, कारण बोलणं बिनबुडाचं नव्हतं. वर आम्ही दिवसभर लोखंडाचा गंज काढतो, खाली पानं गंजतात, आणि पाणी वरून खाली वाहतं. कुणीही हेच म्हटलं असतं. त्या आठवड्यात देवळाच्या मंडपात बैठक झाली. मामा तिथून उशिरा परतला आणि पडवीतच बसून राहिला. मामीने मला हळूच सांगितलं, की बैठकीत एक जण सगळ्यांदेखत म्हणाला होता, तुझीच भाची तिथे काम करते, तू काय बोलणार. मामाने त्यावर उत्तर दिलं होतं, भाची भाचीच्या जागी, शेत शेताच्या जागी, सोमवारी मोर्चा निघेल त्यात मी पुढे असेन.

मी पडवीत गेले. "मामा, सोमवारी तू ये. मी गेटवर असेन. पण त्याआधी उद्या मला शेत दाखव. नीट, सगळं."

"शेत तूं रोज पळयता."

"परसातून बघते. मला आतून बघायचंय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पाववाल्या पदेराची घंटी वाजून गेली, मामीने उंडे आणि चहा दिला, आणि आम्ही निघालो. मी शनिवारीच कारखान्यातून आम्ल तपासायच्या कागदाची गुंडाळी आणि काही बाटल्या आणून ठेवल्या होत्या. आधी व्हाळापाशी गेले, जिथे कारखान्याकडचं पाणी येऊन मिळतं. कागद बुडवला. आम्ल नव्हतं. जरा वर, कारखान्याच्या कुंपणाजवळ मात्र एका जागी गवत जळालेलं होतं आणि तिथल्या ओल्या मातीवर कागद लगेच तांबडा झाला. खड्ड्याची भिंत कुठेतरी झिरपत होती. मामाने खाली वाकून तो कागद बघितला.

"हे आमचं आहे," मी म्हटलं. "उद्या सकाळी पहिलं हेच शेठना सांगेन. पण तुझं शेत यामुळे गेलं का ते अजून ठरलं नाही. चल."

आणि मग चालता चालता चित्र उलटं होत गेलं. व्हाळाच्या अगदी काठचे जे कुणगे होते, ज्यात कारखान्याकडचं पाणी आलंच असतं, ते हिरवे होते. एका म्हाताऱ्या विधवेचा कुणगा तर सगळ्यांत हिरवा. तिने चुना घातला नव्हता, खतही जुजबी. गंजलेले होते ते वरच्या अंगाचे, ज्यांना झऱ्याचं पाणी मिळतं. झरा टेकडीच्या दुसऱ्या कुशीतून येतो, कारखान्याचा त्याच्याशी संबंध नाही. मी गंजलेल्या कुणग्यातली चिमूटभर माती पाण्यात कालवली आणि कागद बुडवला. तो निळसर हिरवा झाला. विधवेच्या कुणग्यात पिवळट. मी मामाला विचारत गेले, इथे चुना किती, तिथे किती, खत किती. जिथे सगळ्यात जास्त, तिथे पानं सगळ्यात वाईट. आणि आजार वरच्या पानांना नव्हता, खालच्या पानांना होता. नव्या पानांचा बुडखा मात्र पांढुरका पडला होता.

कॉलेजात असताना आमच्या मॅडमनी एकदा आवर्तसारणी शिकवताना विषयांतर केलं होतं. जस्त कशाकशात लागतं ते त्या सांगत होत्या. पितळेत तांब्याबरोबर जस्त, टॉर्चच्या सेलचं बाहेरचं डबडं जस्ताचं, लहान मुलांच्या अंगाला लावायच्या मलमातली पांढरी पूड जस्ताची. आणि मग म्हणाल्या होत्या, की आपल्या शरीरालाही अगदी कणभर लागतं, झाडांनाही लागतं, आणि भाताला ते कमी पडलं की पानं गंजल्यासारखी होतात. माती आंबट असेल तर मातीतलं जस्त पाण्यात विरघळतं आणि मुळांना मिळतं. चुना फार झाला की तेच जस्त मातीत घट्ट बसतं, असून नसल्यासारखं. फॉस्फेट जास्त झालं तरी तसंच. ते मी तेव्हा वहीत उतरवूनही घेतलं नव्हतं, परीक्षेला नव्हतं म्हणून. पण त्या मेरेवर उभी असताना सगळं आठवलं, मॅडमच्या आवाजासकट.

"मामा," मी म्हटलं, "तुझ्या शेतात आमचं जस्त आलेलं नाही. तुझ्या शेताला जस्त कमी पडलंय."

त्याने मुंडाशाचा फडका काढून तोंड पुसलं. "हें तूं फाल्यां गेटार सांग," तो म्हणाला. "हांव थंय तुझ्या विरोधांत आसतलों."

सोमवारी सकाळी मी पहिल्यांदा शेठच्या खोलीत गेले आणि जळालेल्या गवताचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मोर्चा येणार हे त्यांना कळलंच होतं. म्हणाले, "हे आता त्यांना सांगायचं नाही."

मी म्हटलं, "सांगायचं. त्यांनी बघितलंय. माझ्या मामाने स्वतः बघितलंय. भिंत आजच दुरुस्त करायची आणि तसं त्यांना सांगायचं. मग पुढचं मी बोलते."

शेठनी हातातला पेपरवेट बाजूला ठेवला. मग त्यांनी गवंड्याला बोलावणं पाठवलं.

मोर्चा आला तेव्हा वाटलं होतं त्यापेक्षा माणसं जास्त होती. बायकाही होत्या, पायाला चिखल लागलेल्या, शेतातूनच आलेल्या. मामा पुढे. घोषणा झाल्या. शेठ गेटपाशी गेले आणि म्हणाले, चार माणसं आत येऊन बघा, काय बघायचं ते बघा. मामा आला, मामी आली, आणि बैठकीत मामाला टोमणा मारणारा तो माणूस आणि त्याचा भाऊ आले. मिस्त्रीने त्यांना हौदापासून लांब उभं करून सगळं दाखवलं. "हितं गंज निघतोय, हितं धुतोय, आन् हे पाणी ह्या खड्ड्यात. खोटं कशाला बोलू, भितीला चीर गेलीय, गवंडी आलाय बघा." गवंडी खरोखरच खड्ड्यापाशी चुना-सिमेंट कालवत होता. त्याने काम दाखवलं, तेव्हा त्या टोमणेवाल्याचा आवाज अर्धा झाला.

मग मी गेटपाशी दगडावर उभी राहून बोलले. कुठल्या कुणग्यात काय दिसलं, व्हाळाच्या काठचं भात हिरवं का, झऱ्याच्या पाण्यावरचं गंजलेलं का. म्हटलं, पानांचा रंग गंजासारखा आहे, पण तो गंज नाही. भाताला जस्त मिळत नाहीये. चुना फार झाला म्हणून.

मग मागून एकजण ओरडला, "म्हणजे तुमचो माल आतां आमच्याच शेतांत विकपाचो!" आणि सगळे हसले. हसणं चांगलं नव्हतं. मामा हसला नाही, पण त्याने माझ्या बाजूने तोंडही उघडलं नाही. तो म्हणाला होता तसाच तो माझ्याविरुद्ध उभा होता.

मामी बोलली. ती कधी चारचौघांत बोलत नसे. पदर कमरेला खोचलेला, हातात अजून विळा. "तरवो हांवें लायला," ती म्हणाली, म्हणजे भाताची रोपं. "म्हजो एक कुणगो हिका दितां. मेल्यार म्हजो मरतलो. तुमचें कितें वता?"

मोर्च्यातल्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मोर्चा भिंतीचं काम बघून परतला.

संध्याकाळी शेठ म्हणाले, "हौदावरच्या राखेत जस्तच आहे. आम्लात विरघळवून देऊ या त्यांना. आपला कचराही जाईल, नावही होईल."

"नाही," मी म्हटलं. "त्या राखेत शिसं असतं. जस्ताबरोबर येतं ते. शिसं भातात गेलं तर लोक जेवणार ते शिसं. दुकानातलं शेतीचं जस्त आणायचं."

ते थोडे वरमले, पण त्यांनी ते मनावर घेतलं. त्यानंतर राख कधीही कुंपणाबाहेर गेली तर ती जस्त शुद्ध करणाऱ्यांकडेच, हे त्यांनी पाळलं.

शुक्रवारच्या बाजाराला मामी म्हापशाला चालली होतीच. मी सुट्टी घेऊन तिच्याबरोबर गेले. मिरच्या, सुकं, म्हणजे सुकी मासळी, आणि बांगड्या घेऊन झाल्यावर आम्ही खतांच्या दुकानात गेलो. झिंक सल्फेट मागितलं तर दुकानदाराने मागच्या खोलीतून धूळ बसलेली पिशवी काढली. पांढरे खडे, तुरटीसारखे. मामीने एक खडा चिमटीत धरून उजेडात बघितला. "हें खाऊन भात जगतलें?" तिने विचारलं. मी म्हटलं, जगेल. तिने पिशवी सुक्याच्या टोपलीपासून वेगळी धरली आणि घरापर्यंत मांडीवर ठेवली.

फवारा मीच बनवला. खडे पाण्यात विरघळवले आणि मग त्यात थोडी चुन्याची निवळी ओतली. मामा मेरेवर उभा राहून बघत होता. चुना दिसताच तो ओरडला, "अगो, चुन्यानंच घात केलो म्हणतेस आनी चुनोच घालतेस?"

"मातीतला चुना वेगळा, हा वेगळा. नुसतं जस्ताचं पाणी आंबट असतं, पान भाजेल. एवढ्याने ते मवाळ होतं, बस. आणि आपण हे मातीत नाही घालत, सरळ पानावर मारतो. माती जस्त धरून ठेवते म्हणून वरच्या वाटेने द्यायचं."

त्याने पंप स्वतःच्या पाठीवर घेतला. "तुका जमचें ना," म्हणाला. अर्ध्या कुणग्यावर फवारणी केली, अर्धा तसाच ठेवला. मध्ये मामीने काठीला फडका बांधून खूण रोवली.

मग वाट बघणं. मी कामावर जाताना वाकडी वाट करून कुणग्यापाशी जायचे. आधी काहीच नाही. मामा रात्री वर्तमानपत्र वाचायचा ते मनातल्या मनात. मामीने एकदा म्हटलं, "सगळे विचारतात, हांव सांगतां वाट पळयात." मला आतून खात्री होती. रात्री जाग आली की मात्र मी विचार करत पडायचे, समजा आपण चुकलो असलो तर, समजा रोगच असला तर. सकाळ झाली की पुन्हा खात्री यायची. कागदाचा रंग मी डोळ्यांनी बघितला होता.

एका सकाळी मामीने मला चहाआधीच हाक मारली. आम्ही गेलो. गंजलेली पानं तशीच गंजलेली होती, ती काही पुन्हा हिरवी होणार नव्हती. पण फडक्याच्या अलीकडे रोपांच्या प्रत्येक चुडातून एकेक नवं पान वर आलं होतं, बुडख्यापर्यंत हिरवं. फडक्याच्या पलीकडे तसंच सगळं खुरटलेलं. मामीने चिखलात उतरून एका पानावरून बोट फिरवलं. आम्ही मागे वळलो तर मामा आमच्या मागोमाग आला होता. तो फडक्यापाशी वाकून दोन्हीकडची पानं बघू लागला. मग म्हणाला, "आज रातचें फवारपाक जाता?"

"रात्री कशाला? संध्याकाळी मारू."

त्या संध्याकाळी त्याने सगळे कुणगे फवारले. दुसऱ्या दिवशी तो टोमणेवाला शेजारी आमच्या पडवीत आला, पाणी मागितलं, पाणी प्याला आणि मग खडे कुठे मिळतात ते विचारलं. मामाने त्याला उत्तर द्यायला मला बोलावलं. "ही सांगतली. तिका विचार," म्हणाला, आणि उठून परसात गेला.

सगळं वाचलं असं नाही. ज्यांनी लवकर फवारलं त्यांचं पीक जवळजवळ नेहमीसारखं आलं. मामाचा चुना सगळ्यांत जास्त, म्हणून त्याचं थोडं कमी आलं. टोमणेवाल्याच्या भावाचा वरचा कुणगा फार उशीर झाल्याने गेलाच, तिथे त्याने शेवटी गुरं सोडली. मळणीच्या दिवशी मामाने पहिल्या भाताची मूठ मामीच्या हातात दिली, आणि तिने ती माझ्या ओंजळीत ओतली. मी त्या वासात उभी राहिले आणि मला फार बरं वाटलं.

पुढच्या वर्षी मामाने चुना जपून घातला आणि लावणीआधी शेतात खडे टाकले. त्याला कुणी विचारलं की तो सांगायचा, "झिंक मारलो की पानाक गंज लागना. लोखंडासारकेंच." मी त्याला कितीदा सांगितलं, तसं नाही, मामा, पानावर मुलामा बसत नाही, पान ते आत घेतं, वाढायला वापरतं. तो म्हणायचा, "तूं तुझें शास्त्र सांग, हांव म्हजें शेत सांगतां." आजूबाजूच्या गावांत त्याच्या पद्धतीने समजावलेलं जस्त माझ्यापेक्षा लवकर पोचलं, हेही खरं.

मी त्या कारखान्यात बरीच वर्षं राहिले. प्रयोगशाळा मोठी झाली, माझ्या हाताखाली दोन मुली आल्या. लग्न होऊन मी पेडण्याला परत गेले तरी डिचोलीची बस चुकवली नाही. मामाच्या गावात मात्र माझी वेगळीच ख्याती झाली. कुणाच्या पोफळीची पानं वाळली, कुणाच्या मिरचीला पानं मुरडणारा बोकड्या आला, की मला बोलावणं यायचं. एकदा एका म्हाताऱ्याने मला त्याच्या काजूच्या झाडापाशी नेलं. झाडाच्या खोडातून भुसा गळत होता. त्याने विश्वासाने विचारलं, "बाय, हाका किती झिंक घालूं?"

मी खोडाच्या भोकात काडी घातली. आत जाडजूड अळी होती.

"याला झिंक नको," मी म्हटलं. "यात किडा आहे. तार घालून आधी तो काढू या."

तो जरा हिरमुसला. मग घरातून तार आणायला गेला.